व्यवसाय : शेती

मिरजेला डॉक्टरांची वाण नाही. मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ सालचं, शिवाय गल्लोगल्ली छातीचे, हाडाचे, मेंदूचे डॉक्टर. स्टेशनवर काखेत एक्स-रेचं पाकीट धरलेला माणूस दिसला नाही असा दिवस जात नाही; त्यातले कितीतरी कर्नाटकातून आलेले. मी तिथून सायकलच्या अंतरावर, कुपवाडला राहतो. तरी माझ्या आजाराचं खरं नाव कळायला मला वर्षं लागली. डॉक्टरांच्या हुशारीचा यात प्रश्न नव्हता. केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो आणि माझ्या केसपेपरवर तिथे ‘शेती’ लिहिलेलं होतं.

ते मी सांगितलेलं नव्हतं. खिडकीपलीकडच्या माणसाने गाव विचारलं, मी मूळ गाव तासगाव तालुक्यातलं म्हटलं, पुढचं त्याने आपल्या मनाने भरलं. मागे रांग मोठी होती. तासगावचा माणूस म्हणजे द्राक्षबागवाला, हे त्याचं गणित. आमची बाग नाही. वाटणीत आलेलं वीस गुंठे जिराईत आहे, तेही भाऊच कसतो. पण त्या दिवशी खोकल्याने जीव हैराण झाला होता, कागदावर काय लिहिलंय हे वाचायला कोण थांबतंय?

मी १९९७ पासून एमआयडीसीत फौंड्रीत आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं फेटलिंगला गेली. ज्यांनी फौंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. ते गार झालं की नॉकआउटला साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात. त्या वेळी ते काही देखणं नसतं. ओतायच्या वाटांत गोठलेल्या लोखंडाचे, म्हणजे रनर-रायझरचे, दांडे लोंबत असतात, साच्याच्या जोडावर लोखंडाचे पापुद्रे आलेले असतात आणि आतल्या कोपऱ्यांत वाळू भाजून घट्ट चिकटलेली असते. हे सगळं छन्नी-हातोडीने आणि ग्राइंडरने साफ करायचं, ते फेटलिंग. व्हॉल्व्हची बॉडी असली तर बरं, ती टेबलावर फिरवता येते. पंपाचं मोठं केसिंग असलं की डोकं जवळपास जॉबच्या आत घालूनच ग्राइंडर चालवावा लागतो. मग जे काही उडेल ते तोंडावर.

ठिणग्यांची भीती वाटते, कारण त्या दिसतात. जाड धूळही दिसते. ती नाकात, घशात अडकते आणि खाकरलं की काळी होऊन बाहेर पडते. आम्हाला वाटायचं, निघाली की सगळी. घात करते ती न दिसणारी पूड. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरतात. ही पूड पाच मायक्रॉनच्याही खालची. ती घशात थांबत नाही, फुफ्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत जाते. साच्याची वाळू म्हणजे बहुतांशी सिलिका. शरीरातल्या पेशी तो कण गिळतात, पण तो पचत नाही. पेशी मरते, कण तिथेच राहतो, दुसरी पेशी येते, तीही मरते. असं होत होत तिथे व्रणासारख्या कडक गाठी बनतात. याला सिलिकोसिस म्हणतात. बनलेली गाठ विरघळवणारं औषध नाही आणि धुळीतलं काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासात जाणारी ही स्फटिक सिलिका कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली ती १९९७ साली. मी कामाला लागलो तेच साल.

हे सगळं मला नंतर कळलं. कामावर असताना आमच्याकडे एकच औषध होतं, गूळ. पाळी सुटायच्या आधी मुकादम गुळाची ढेप फोडायचा आणि प्रत्येकाला एकेक खडा मिळायचा. ‘गूळ खाल्ला की धूळ खाली उतरते’ हे नव्या पोराला पहिल्या दिवशीच सांगितलं जायचं. गूळ चांगला असायचा, आपल्याच भागातला, त्याबद्दल तक्रार नाही. घसा ओला व्हायचा, तोंडाची चव यायची. पण गूळ जातो पोटात आणि सिलिका बसते फुफ्फुसात. या दोन वाटा घशातच वेगळ्या होतात एवढं आम्हाला शाळेत शिकवलेलं होतं, तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मालकाच्याही नाही. तो स्वतः दुपारी शॉपमध्ये आला की एक खडा तोंडात टाकायचा.

खोकला कधी सुरू झाला हे सांगता येणार नाही, कारण फेटलिंगवाला खोकतोच. दम लागायला लागला तेव्हा मात्र लक्षात आलं. मिरज स्टेशनचा जिना चढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर जायचं तर मध्ये थांबावं लागायला लागलं. वजन उतरलं. मिसेस म्हणाल्या, “दाखवून या बघू आधी, मग काय ते कामाचं बघा.” मग ती खिडकी आणि तो केसपेपर.

एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात डाग होते. वरच्या भागात डाग, खोकला, वजन कमी, आणि माणूस शेतकरी. टीबी ठरायला आणखी काय पाहिजे? थुंकी तपासली, जंतू सापडला नाही. जीन एक्स्पर्ट या टीबीचा जंतू शोधायच्या यंत्रावरही नाही. तरी एक्स-रे बघून गोळ्या सुरू झाल्या, हे २०१८ साल. त्यात चूक केली असं मी म्हणणार नाही. सिलिकोसिसवाल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि दोन्ही एकत्र असले तर त्याला सिलिकोट्यूबरक्युलोसिस असं वेगळं नावही आहे. माझी तक्रार एवढीच की टीबी ठरला आणि तिथेच विचार थांबला.

गोळ्या नियमाने घेतल्या. लघवी नारिंगी व्हायची, पहिल्यांदा बघून दचकलो होतो. सरकारी योजनेचे महिन्याला ५०० रुपये पोषणासाठी खात्यावर यायचे. ईएसआयकडून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याकडून, टीबीच्या रजेत पगाराच्या ८० टक्के मिळाले. टीबी हा त्यांच्या लांबणाऱ्या आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे फारशी झिगझिग झाली नाही. पुढे जे काही भोगलं त्याच्या मानाने सांगतो, या देशात टीबीचा पेशंट असणं कागदाच्या दृष्टीने सोपं आहे. फॉर्म ठरलेला, गोळी ठरलेली, माणूस ठरलेला.

कोर्स संपला. भूक थोडी सुधारली, दम होता तसाच. नवा एक्स-रे जुन्या एक्स-रेशेजारी लावला तर काही फरक नाही. “जुने डाग आहेत, राहणारच,” असं सांगून परत पाठवलं. मी परत कामावर. परत तोच ग्राइंडर.

वळण आलं ते वेगळ्याच कारणाने. ताप आला म्हणून छातीच्या ओपीडीत गेलो होतो. तिथल्या मॅडम नाडी बघायला हात हातात घेऊन थबकल्या. फेटलिंगवाल्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडीत काळे-निळे बारीक ठिपके असतात. ग्राइंडरच्या ठिणग्या रोज बसतात, काही जळून निघून जातात, काही कणासकट आतच राहतात. घासून जात नाहीत. आमच्यात ते कुणी बघतही नाही.

“हे काय आहे?”

“ठिणग्या मॅडम. ग्राइंडरच्या.”

“शेतात ग्राइंडर?”

मग त्यांनी केसपेपर बघितला, माझ्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. काम काय, किती वर्षं, वाळू कसली, शॉप बंदिस्त की उघडं, शेजारी नॉकआउट होतं का, तोंडाला काय बांधता. मी सांगत गेलो. तोंडाला रुमाल म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल एवढं कुणी विचारलं नव्हतं, सोयरीक ठरवतानासुद्धा.

एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, झाला. रिपोर्टातले दोन मुद्दे त्यांनी मला पडद्यावर दाखवून समजावले. वरच्या भागात दोन्हीकडे सारख्या विखुरलेल्या बारीक गाठी, आणि फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींच्या कडेने चुन्याची रेघ. अंड्याच्या टरफलासारखी दिसते म्हणून रेडिओलॉजीत तिला नावच तसं आहे. टीबीत गाठी सहसा अशा दोन्ही बाजूंना सारख्या पेरलेल्या नसतात, असं त्या म्हणाल्या. पण निव्वळ फोटोवरून त्यांनी निदान लिहिलं नाही. “फोटो, काम आणि दुसरा आजार नसणं, हे तिन्ही जुळलं पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी साधा एक्स-रे परत काढून तो आयएलओच्या पद्धतीने वाचून घेतला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने नमुन्याचे एक्स-रे ठरवून दिलेले आहेत. आपला फोटो त्यांच्याशेजारी ठेवून गाठी किती दाट आणि केवढ्या मोठ्या हे बघतात. दाटपणाच्या बारा पायऱ्या आहेत. माझं आलं २/२, आकार ‘क्यू’, म्हणजे दीड ते तीन मिलिमीटर. नुसतं ‘डाग आहेत’ म्हणण्यापेक्षा हा आकडा पुढे फार उपयोगी पडला, म्हणून मुद्दाम लिहितोय. ज्यांचा असा आजार असेल त्यांनी या पद्धतीने वाचलेला रिपोर्ट मागून घ्यावा.

पीएफटी म्हणजे फुंकायची तपासणी. नाकाला चिमटा लावतात, नळी तोंडात देतात आणि तो पोरगा ओरडायला लागतो, “जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका काका!” मला वाटत होतं मी जीव तोडून फुंकतोय आणि पडद्यावरची रेघ अर्ध्यातच झोपत होती. तीनदा करायचं असतं. तिसऱ्या वेळी डोळ्यापुढे अंधारी आली. तो म्हणाला, “बसा काका, पाणी प्या,” आणि पुढच्या पेशंटला थांबवून ठेवलं. हे लहानसं सौजन्य लक्षात राहिलंय.

आता आजाराला नाव मिळालं होतं. मॅडमनी आणखी एक काम केलं, जे फार कमी डॉक्टर करतात. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८९ प्रमाणे यादीतला व्यावसायिक आजार दिसला तर डॉक्टरने कारखाने निरीक्षकांच्या खात्याला लेखी कळवायचं असायचं. आपल्याकडे ते खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. सिलिकोसिस त्या यादीत होता. त्यांनी पत्र लिहिलं, एक प्रत मला दिली आणि म्हणाल्या, “आता पुढचं तुमच्या हातात. कामाचे पुरावे गोळा करा.”

इथून खरी दमछाक. छातीची दमछाक परवडली.

ईएसआयसाठीच्या व्यावसायिक आजारांच्या यादीचे तीन भाग आहेत. सिलिकोसिस ‘क’ भागात येतो आणि ‘क’ भागातल्या आजारांना महामंडळाने ठरवलेला किमान काळ त्या कामात गेलेला असावा लागतो. म्हणजे फुफ्फुसात सिलिका असून भागत नाही, ती कुठे आणि किती वर्षांत गेली ते कागदावर पाहिजे. जाता जाता सांगतो, त्याच भागात बगॅसोसिसही आहे. उसाच्या चिपाडाला बुरशी येऊन जी धूळ होते तिच्यामुळे होणारा फुफ्फुसाचा आजार. कापसाच्या धुळीचा बिसिनोसिसही आहे. साखर कारखान्यांच्या आणि विट्याच्या मागांच्या जिल्ह्यात ही दोन नावं माहीत असलेला कामगार मला अजून भेटायचा आहे.

तर कागद. मी एकाच शेडमध्ये, एकाच भिंतीला पाठ करून काम केलं, पण माझा मालक कागदावर सतत बदलत होता. ठेकेदार बदलला की नवा कार्ड, नवा नंबर, नवी सुरुवात. काहींनी ईएसआयचे पैसे पगारातून कापले, भरले की नाही देव जाणे. सुरुवातीची काही वर्षं तर नुसती हजेरीवही आणि शनिवारी पाकिटात पैसे. कंपनीत विचारलं तर, “तू आमचा माणूसच नाहीस, ठेकेदाराला विचार.” ठेकेदाराला विचारलं तर, “रजिस्टर पुरात गेलं.”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. सांगलीत खरोखरच हजारो लोकांची कागदपत्रं गेली, त्यांचं दुःख मी जवळून बघितलंय. माझ्या मेव्हण्याच्या घरात छतापर्यंत गाळ होता. त्यामुळे हे उत्तर ऐकून आधी वाईट वाटलं. नंतर आठवलं की या गृहस्थाचं ऑफिस कुपवाड रोडला पहिल्या मजल्यावर आहे. तिथे पाणी यायचं तर आधी निम्मा जिल्हा बुडावा लागेल. पुराने त्या वर्षी बऱ्याच ठेकेदारांची सोय केली.

मग घर उपसलं. ट्रंकेतून, देवघराच्या कप्प्यातून, मुलाच्या जुन्या दप्तरातून जे निघालं ते असं : पगाराच्या चिठ्ठ्या, त्यातल्या निम्म्यांची शाई उडालेली. पीएफच्या दोन स्लिपा. एक गेटपास, फोटोत मी ओळखू येत नाही. ईएसआयचं जुनं पिवळं पडलेलं कार्ड. आणि स्वयंपाकघरातून मिसेसनी तीन स्टीलचे डबे आणून पुढ्यात ठेवले. दिवाळीला कंपनीकडून भेट मिळालेले, झाकणावर यंत्राने कोरलेलं कंपनीचं नाव आणि साल. डाळीचा, रव्याचा आणि शेंगदाण्याचा. “हे चालतंय का बघा,” म्हणाल्या. मी हसलो. ईएसआय कार्यालयातला कारकूनही हसला, पण त्याच्या वरच्या साहेबाने डबा हातात घेऊन साल वाचलं आणि म्हणाले, “पुरावा म्हणून नाही घेता येणार, पण या डब्याच्या साली तुमच्याबरोबर कोण कामाला होतं ते आठवतं का? त्यांची प्रतिज्ञापत्रं आणा.” डब्याने असा रस्ता दाखवला. ज्यांना ज्यांना त्या दिवाळीला डबा मिळाला होता त्यांची यादी आम्ही नवरा-बायकोने रात्री बसून केली. कुणाच्या लग्नाला गेलो होतो, कुणाचं पोर कधी झालं, यावरून साल जुळवत.

माणसं शोधणं सोपं होतं, सही घेणं अवघड. जे अजून कामावर होते त्यांना भीती. “दादा, तुझं खरं आहे, पण उद्या मला गेटवर अडवलं तर?” यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. शेवटी जे काम सोडून गेलेले होते त्यांनी दिली. शंभराच्या स्टॅम्पवर. एकाने तर रिक्षाचं भाडंही घेतलं नाही.

मध्ये कोरोना आला आणि फाइल जिथे होती तिथेच झोपली. छातीच्या पेशंटला त्या काळात बाहेर पडायची छातीच होत नव्हती. त्या दीड-दोन वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

ईएसआयच्या मेडिकल बोर्डासाठी पुण्याला बोलावलं तेव्हा कोयना एक्स्प्रेसने गेलो. समोर तीन डॉक्टर. सगळं नीट चाललं होतं आणि त्यातल्या एकाने फाइलच्या तळातून तो जुना केसपेपर काढला. “यात तर शेती लिहिलंय.” मला याची धास्ती होतीच, म्हणून रुग्णालयाकडून दुरुस्तीचं पत्र आणि सातबारा दोन्ही बरोबर नेलं होतं. सातबाऱ्यावर वीस गुंठे आणि पीक पाहणीत ज्वारी. त्यांनी वाचलं, पण समाधान झालेलं दिसलं नाही. मग म्हणाले, “बरं, तुम्ही दिवसभर नेमकं काय करता ते सांगा.”

ते मात्र मला येत होतं. सकाळी नॉकआउटवरून ट्रॉली येते तेव्हा जॉब हात भाजण्याइतका गरम असतो, इथपासून सुरुवात केली. रायझर कुठे हाणला की एका घावात तुटतो, कोपऱ्यातली वाळू छन्नीने का निघत नाही, हवेच्या पाइपने जॉब झटकला की समोरचा माणूस काही वेळ दिसत नाही. हा हवेचा पाइप ऐकून तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ झटकणं म्हणजे बसलेली पूड परत हवेत उडवणं, हे त्यांना सांगायला नको होतं. पुढे प्रश्न आले ते फक्त दम आणि झोप याबद्दल.

अर्जनक्षमतेची हानी, म्हणजे कमावण्याची गेलेली ताकद, ३० टक्के ठरली. याचा हिशेब असा : सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के हा पूर्ण दर, आणि त्याच्या जितके टक्के हानी तितका लाभ, तोही हयातभर दरमहा. रोज ४०० पगार धरला तर पूर्ण दर ३६०, आणि ३० टक्क्यांनी रोजचे १०८ रुपये. महिन्याला सव्वातीन हजारांच्या आत-बाहेर. टक्के कमी वाटले तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा विमा न्यायालयात मुदतीत जाता येतं. मी गेलो नाही. वकिलाने खर्च सांगितला आणि आम्ही घरी परत आलो.

मधल्या काळात कंपनीकडूनही निरोप आला होता. एकरकमी काहीतरी घे आणि फेटलिंगला नव्हतो, स्टोअरला होतो असं लिहून दे. रक्कम वाईट नव्हती. मी नाही म्हटलं ते फार तत्त्वाने नाही. स्टोअरला होतो असं लिहून दिलं असतं तर फाइलच संपली असती, एवढं कळत होतं. शेवटी त्यांनी मला गेटवर बसवलं. मी तिथेच आहे. मालकाबद्दल माझ्या मनात गाठ नाही असं म्हणणं खोटं होईल, पण त्याचा मुलगा त्याच शॉपमधून रुमालसुद्धा न बांधता फिरतो हेही मी रोज बघतो.

मला खरा राग आहे तो दरवर्षीच्या तपासणीवर. गाडी गेटवर यायची. वजन, बीपी, रक्त, कधी एक्स-रे. रिपोर्ट आमच्या हातात कधी आला नाही. आणि ज्याच्यात काही निघालं तो पुढच्या महिन्यात ठेकेदाराला ‘नको’ व्हायचा. त्यामुळे तपासणीच्या दिवशी सुट्टी टाकणारे, किंवा दुसऱ्याला आपल्या नावावर उभं करणारे होतेच. लोक अडाणी आहेत म्हणून तपासणी चुकवतात असं जे भाषणात सांगतात त्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहावं. निदान झालं की नोकरी जाणार असेल तर निदान कोण करून घेईल? राजस्थानने २०१९ साली सिलिकोसिसचं धोरण आणलं, पेशंटला तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. तिथे दगडखाणीतला कामगार स्वतःहून निदान करून मागतो, यात नवल नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार भागातले आदिवासी गुजरातेत क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत कामाला जाऊन मेले. त्यातल्या २३८ जणांच्या वारसांना तीन-तीन लाख देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. मेल्यावर का होईना, कुणीतरी मोजले.

निरीक्षक येऊन गेल्यावर शॉपमध्ये काही बदललं. ग्राइंडरच्या टेबलामागे धूळ ओढणारे हूड आधीपासून होते, फक्त लाइटबिलाच्या नावाखाली बंद असायचे; ते आता पाळीभर चालतात. हवेच्या पाइपला मनाई झाली, झाडायच्या आधी पाणी मारतात. मास्क दिलेत, चांगले एन-९५. पण मे महिन्यात भट्टीच्या शेजारी तो मास्क आठ तास घालून दाखवावा कुणी. मास्क वाईट नाही, त्याचा नंबर शेवटचा आहे. आधी धूळ उडू द्यायची नाही, उडाली तर तिथल्या तिथे ओढून घ्यायची, आणि एवढं करूनही उरली तर मास्क. आमच्याकडे सगळीकडे सुरुवात मास्कपासून होते कारण तो सगळ्यात स्वस्त पडतो.

सध्या वर्षातून एकदा पीएफटी करतो. खोकला वाढला किंवा ताप रेंगाळला की आधी थुंकी तपासून घ्यायची, अशी मॅडमची सक्त ताकीद आहे. टीबी कधीही डोकं वर काढू शकतो. बिडी कधी ओढली नव्हती, ते एक बरं झालं.

आता एका मोल्डरची, म्हणजे वाळूचे साचे बनवणाऱ्याची, फाइल घेऊन फिरतोय. माझ्यापेक्षा वयाने मोठे, बापू म्हणतो मी त्यांना. त्यांचं प्रकरण माझ्याहून किचकट आहे. ते होते ती फौंड्री दहापेक्षा कमी माणसांची, त्यामुळे ईएसआय लागूच नव्हता, आणि आता ती शेडच बंद आहे. त्यांना कर्मचारी भरपाईच्या कायद्याखाली जावं लागेल. तिथे दावा दोन वर्षांत लावायचा असतो. आजारामुळे माणूस सलग कामाला येऊ शकला नाही त्याच्या पहिल्या दिवसापासून ती दोन वर्षं मोजतात, म्हणून तो दिवस कोणता हे आधी पक्कं करतोय. डब्यासारखंही काही निघालं नाही, त्या मालकाने दिवाळीला पेढ्यांचे पुडे वाटलेले. पण बरोबरच्या दोघांची नावं बापूंना आठवली आहेत. एक इचलकरंजीत मागावर आहे, त्याच्याकडे या रविवारी जायचं ठरलंय. दुसरा कोअर शॉपला, साच्याच्या आतले वाळूचे गाभे बनवतात तिथे, होता, तो जयसिंगपूरला कुठेतरी सिक्युरिटीत लागलाय म्हणतात. त्याचा पत्ता काढतोय.